दूरचा प्रवास आणि सोबत्यांचा करार

आमच्या तरुण पिढीत मोटारसायकलवरून दूरदूर जाण्याचा छंद दिवसेंदिवस वाढत चालला आहे. ज्या वाहनाला आमचे वाडवडील कौतुकाने ‘फटफटी’ म्हणत, त्याच वाहनावर बसून आज महाराष्ट्रातील तरुण चार-सहा मित्रांच्या मेळ्याने थेट लडाख गाठतात. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मनाली, लेह ही नावे माथेरान-महाबळेश्वराइतकी सरसहा येऊ लागली आहेत. या विषयावर घरोघरी दोन पक्ष पडलेले दिसतात. मुलांचा पक्ष म्हणतो, साहसावाचून तारुण्य व्यर्थ होय. पालकांचा पक्ष म्हणतो, जीव मुठीत धरून करावयाची ही हौस हवी कशाला? आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. जावे की न जावे, हा खरा प्रश्न नव्हे. कोणाबरोबर जावे, आणि निघण्यापूर्वी त्या सोबत्यांशी कोणता करार करावा, हा खरा प्रश्न होय.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. २०१९ साली या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहनासंबंधी अपराध केल्यास त्याच्या पालकास अथवा वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सबब, शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या हाती आज वाहन द्यावे, अशी शिफारस आम्ही मुळीच करीत नाही. परंतु जे कार्य काही वर्षांनी करावयाचे, त्याचा विचार आज करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

आता ज्या वाटेचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, तिचेच उदाहरण घेऊ. मुंबईहून मनाली सुमारे २,००० किलोमीटर दूर आहे. म्हणजे खरा डोंगर चढू लागण्यापूर्वीच प्रवाशाचे अंग आंबून गेलेले असते. मनालीपासून लेहपर्यंतचा रस्ता सुमारे ४३० किलोमीटर भरतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला व ४६ किलोमीटरांचे अंतर वाचले. तथापि पुढे बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा उंच खिंडी ओलांडाव्याच लागतात, आणि त्यांपैकी तांगलांग ला तर समुद्रसपाटीपासून ५,३०० मीटरांहून अधिक उंच आहे. हिवाळ्यात हा मार्ग बर्फामुळे बंद असतो.

अशा वाटेवर हौसेपेक्षा अंकगणित अधिक उपयोगी पडते. तांडी येथील पेट्रोलपंपावर ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा आशयाची पाटी पुष्कळ वर्षे प्रसिद्ध आहे. एखाद्या गाडीच्या टाकीत १३ लिटर पेट्रोल मावते व लिटरमागे ती ३० किलोमीटर जाते असे धरले, तर हिशेब ३९० किलोमीटरांचा होतो. म्हणजे हाती उरतात अवघी २५ किलोमीटरे. चढावर खालच्या गिअरमध्ये गाडी अधिक पेट्रोल खाते, हे ध्यानी घेतले की ती शिल्लकही कागदावरच राहते. म्हणून जाणते लोक वेगळ्या डब्यात चार-पाच लिटर पेट्रोल बाळगतात. ओढ्यांचीही तीच गोष्ट. हिमनद्यांतून येणारे पाणी पहाटे कमी असते, आणि ऊन चढून बर्फ वितळू लागले की दुपारी तोच ओढा फुगतो. ज्याने पहाटे निघण्याचा आळस केला, त्याला दुपारी गुडघाभर गार पाण्यातून गाडी ढकलावी लागते. हे सर्व जमेस धरून दिवसांची आखणी करणे, यालाच योजना म्हणावे. नकाशावर बोट फिरविणे म्हणजे योजना नव्हे.

परंतु पेट्रोल व पाणी यांहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो विरळ हवेचा होय. ५,३०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू घटतो. पायी चढणाऱ्यास आपण किती चढलो हे त्याचे पायच सांगतात. गाडीवरील स्वारास ते कोणीच सांगत नाही. यंत्र त्याला अर्ध्या दिवसात दोन हजार मीटर वर नेऊन ठेवते, शरीर मात्र मागेच राहते. वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण नियम असा की, ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, व तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. मनालीच्या बाजूने जाणाऱ्यास हा नियम पाळणे फार कठीण जाते. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरांवर, तर पुढला नेहमीचा मुक्काम सर्चू सुमारे ४,३०० मीटरांवर आहे. म्हणून जाताना श्रीनगर व कारगिल या मार्गाने हळूहळू लेह गाठावे, तेथे दोन दिवस स्वस्थ राहावे, आणि परतताना मनालीकडे उतरावे, हे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.

येथेच सोबत्यांचा प्रश्न उभा राहतो. उंचीच्या आजाराचे पहिले लक्षण म्हणजे डोकेदुखी. तीसोबत मळमळ येते, झोप लागत नाही, अन्न जात नाही. अशा वेळी अधिक वर न जाता थांबले, तर बहुधा आराम पडतो. न थांबता वर गेले, तर फुप्फुसांत अथवा मेंदूत पाणी साचून प्राणावर बेतते, आणि मग विनाविलंब खाली उतरणे हाच मुख्य उपाय उरतो. आता विचार करा. सहा जणांच्या मेळ्यातील एकाचे डोके दुखू लागले. पाच जण हसतखेळत पुढल्या खिंडीची चर्चा करीत आहेत. ‘माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा नको’, ‘मला भित्रा म्हणतील’, असे मनात आणून तो गप्प राहतो व सकाळी निमूटपणे गाडी सुरू करतो. त्याचा घात हवेने केला की सोबत्यांनी? आमचे स्पष्ट मत असे की, ज्या मेळ्यात ‘मला बरे वाटत नाही’ हे शब्द उच्चारण्याची लाज वाटते, तो मेळा घरून निघण्यासच लायक नाही.

म्हणून आम्ही म्हणतो तो करार हा. सर्वांत दुबळ्याची जी चाल, ती सर्वांची चाल. कोणीही एकाने ‘थांबा’ म्हटले की सर्वांनी थांबावे, आणि कारण मागावे ते थांबल्यानंतर. एकाला परतावे लागले, तर दुसऱ्याने त्याच्याबरोबर परतावे, आणि तो दुसरा कोण हे घरीच ठरलेले असावे. प्रत्येक वळणावर व फाट्यावर आपल्या मागचा स्वार दिसेपर्यंत पुढच्याने थांबावे. ज्याला पंक्चर काढता येते व साखळी बसविता येते, त्याने हत्यारांसह सर्वांच्या मागे राहावे, कारण मोडलेली गाडी नेहमी मागेच राहते. दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचे अंतर असावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे हे अंतर ३३ मीटरांहून कमी नसावे. हे नियम साधे दिसतात. पण ते निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोलून ठरले नाहीत, तर ऐन वेळी प्रत्येकाचा नियम निराळा होतो.

इतिहासातही याला आधार सापडतो. थेरेसा वॉलक व फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन या दोन इंग्रज युवती डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून जुलै १९३५ मध्ये केपटाउनला पोहोचल्या. त्यांची ६०० सीसीची पँथर गाडी एकच होती. तिला बाजूस जोडगाडी व मागे सामानाचा गाडा लावलेला होता. वाहन एकच असल्याने एकीने दुसरीला मागे टाकून जाणे शक्यच नव्हते! आजच्या तरुणांजवळ प्रत्येकाची स्वतंत्र गाडी असते. जी गोष्ट त्या दोघींना जोडगाडीने करावयास लावली, ती आजच्यांनी वचनाने केली पाहिजे. आमच्या मुंबईतून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. १९२८ साली ती पुरी करून परतले ते तिघे: अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा. त्या तिघांचा पराक्रम मोठा खराच. परंतु ज्यांची वाट मध्येच निराळी झाली, त्यांच्या निघण्याचे मोल आम्ही शून्य मानीत नाही.

यावर कोणी म्हणेल, इतके नियम लादले तर साहस ते कसले? दूरचा प्रवास करावयाचा तर सोसलेच पाहिजे. आम्हांस हे सर्वस्वी मान्य आहे. परंतु काय सोसावे व काय सोसू नये, याचा विवेक पाहिजे. ओले मोजे, धुळीने भरलेले नाक, तंबूतील थंडी, तीन दिवस एकसारखे मिळणारे डाळभाताचे जेवण, घाटात भर पावसात निघालेले पंक्चर, हे सर्व हसत सोसावे. त्यात तक्रार करणारा सोबती नकोसा होतो. पण न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांवर येणारी झापड, ब्रेक दाबवत नाही इतकी बधिर झालेली बोटे ही कष्टांची यादी नव्हे. हे शरीराने दिलेले इशारे होत. पहिल्या प्रकारची तक्रार करणारा नाजूक, आणि दुसऱ्या प्रकारचा इशारा लपविणारा अविचारी. पुरुषार्थ या दोहोंतही नाही.

सुज्ञ पालकांस आमची विनंती अशी. मुलगा अथवा मुलगी वयात आल्यावर अशा प्रवासाची परवानगी मागेल, तेव्हा एकदम ‘नाही’ म्हणू नये. त्याने कित्येकदा प्रवास टळत नाही, केवळ तो चोरून होतो. उलट, योजना कागदावर लिहून मागावी. रोजचा मुक्काम कोठे व किती उंचीवर? विसाव्याचे दिवस कोणते? आजारी पडलेल्याबरोबर परतणार कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर नाहीत, तो कागद परत करावा. ज्यावर आहेत, त्याला आशीर्वाद द्यावा. आणि प्रवासात तासातासाला फोनची अपेक्षा धरू नये. त्या मार्गावर संपर्काचा भरवसा नसतो, आणि चालत्या गाडीवर फोन घेणारे मूल कोणत्याही पालकास नकोच असेल.

विद्यार्थिमित्रांनो, या कराराचा सराव करण्यास लडाखची वाट पाहावयास नको. सुट्टीत जवळच्या किल्ल्यावर पायी जाल, सायकलवरून नदीकाठी जाल, तेव्हाच पाहा. तुमच्यात सर्वांत मागे कोण राहतो? त्याच्यासाठी कोण थांबतो? दमलो हे तो मोकळेपणाने सांगू शकतो काय? ज्याच्यासाठी तुम्ही आज गडाच्या निम्म्या वाटेवर कुरकुर न करता थांबाल, तोच उद्या खिंडीत तुमच्यासाठी थांबेल. असे सोबती लाभले तर खुशाल दूर जा. न लाभले तर ते लाभेपर्यंत घरी राहणे बरे.