डीपी जळाली, हे एसओपीत लिहा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाने यंदा मराठवाड्यातून परदेशी शिकायला येऊ बघणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन मार्गदर्शन ठेवलं. बटाटेवड्याविना झालेला मंडळाचा हा बहुधा पहिलाच कार्यक्रम असेल. इलेक्ट्रिकलच्या मुलांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. छत्रपती संभाजीनगरची मुलं होती (माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येतं, कुणी रागावू नये). प्रश्न काय, तर रँकिंग किती, जीआरई कुठे माफ, पॅकेज काय मिळतं. शिकायचं काय आहे हे एकानेही सांगितलं नाही आणि आपल्यापैकी कुणी विचारलंही नाही. उलट आपलेच एक ज्येष्ठ सभासद मध्ये तोंड घालून म्हणाले, "इलेक्ट्रिकलमध्ये आता काय राहिलंय? आल्या आल्या कॉम्प्युटरकडे वळायचं." डेटा सेंटरला वीज कुठून आणायची ह्या काळजीत इथल्या वीजकंपन्यांची झोप उडालेली असताना हे ऐकावं लागलं.

नंतर एका मुलाने मला त्याची एसओपी, म्हणजे प्रवेश अर्जासोबतचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, पाठवली. मुलगा पैठण तालुक्यातला, शिकायला संभाजीनगरात. पहिल्याच ओळीत लहानपणापासूनचं विजेचं आकर्षण, मग टेस्ला, मग इंडस्ट्री ४.०, मग एआय. निराला बाजारात बसलेल्या कुठल्याही सल्लागाराने कुणालाही लिहून द्यावी अशी. मी फोन केला. घरी काय करतात? मोसंबी आहे. विहिरीवर मोटार? "आहे ना मावशी. पण उन्हाळ्यात जळतेच. गावात कुणाची ना कुणाची भरायला टाकलेली असते." मग हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, "ते गावठी वाटेल ना."

माझा सगळा राग ह्या एका उत्तरावर आहे, म्हणून हा लेख.

त्या गावठी गोष्टीत काय आहे ते बघा. रात्री थ्री फेज येते. उठून विहिरीवर कोण जाणार, म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला. लाईट आली की त्या डीपीवरच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू व्हायला बघतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं. इंडक्शन मोटारचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं तर जोर १९ टक्क्यांनी जातो. लाईनच्या शेवटच्या टोकाला तर ते कितीतरी जास्त पडलेलं असतं. तिथली मोटार वेग घेऊच शकत नाही, घुंईं करत बसते, करंट ओढत राहते आणि जळते. एखादे दिवशी डीपीच जाते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो काढा, कपॅसिटर लावा. ऑटो कुणी काढत नाही, कारण शेजारचा काढत नाही.

आता इकडचं ऐका. वीज गेल्यावर परत देताना सगळा लोड एकदम अंगावर येतो, त्याला आमच्या धंद्यात कोल्ड लोड पिकअप म्हणतात. त्यावर ढिगाने शोधनिबंध आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात लाईनवर क्षणभर फॉल्ट येतो, व्होल्टेज दबतं, घरोघरच्या एसीच्या मोटारी जागच्या जागी अडकतात आणि फॉल्ट गेला तरी कित्येक सेकंद व्होल्टेज वर येत नाही. ह्याचं मॉडेल कसं करायचं यावर इथल्या विद्यापीठांत आणि वीजकंपन्यांत वर्षानुवर्षं काम चाललंय. ज्या प्रोफेसरने आयुष्यभर अडकलेल्या मोटारींची गणितं केली, त्याच्या टेबलावर पैठणच्या मुलाची एसओपी जाते आणि त्यात असतं टेस्लाचं गुणगान. तो ती दोन मिनिटांत बाजूला ठेवणार. मीही ठेवली असती.

संशोधन असं रोजच्या कटकटीतूनच निघतं. ग्वाल्हेरात जन्मलेले अरुण फडके खरगपूरच्या आयआयटीतून १९५९ साली बाहेर पडले आणि १९६४ साली विस्कॉन्सिनला पीएचडी झाले. पुढे अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर ह्या वीजकंपनीत ते एका रुक्ष वाटणाऱ्या कामात होते: लाईनवरचा फॉल्ट संगणकाने ओळखून ती तोडायची कशी. सत्तरच्या दशकातले संगणक मंद. प्रत्येक प्रकारच्या फॉल्टचं गणित वेगळं करायला वेळ पुरेना, म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स वापरून ते एकाच समीकरणात बसवलं. त्या खटाटोपात फेजर झटपट मोजण्याची रीत हाती आली. त्याला उपग्रहाच्या घड्याळाची जोड मिळाली आणि १९८८ साली व्हर्जिनिया टेकमध्ये पहिलं पीएमयू, म्हणजे फेजर मोजणारं यंत्र, तयार झालं. आज भारताच्या ग्रिडमध्येही ती यंत्रं बसलेली आहेत. आयआयटी मुंबईचे एस. व्ही. कुलकर्णी प्राध्यापक होण्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होते. त्यांनी आणि तिथल्याच खापर्डे सरांनी मिळून लिहिलेलं ट्रान्सफॉर्मरवरचं जाडजूड पुस्तक इथे माझ्या ऑफिसातही आहे.

आणि आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात काय कमी आहे? एकतुनीला ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. पैठणच्या नाथसागरावर १२ मेगावॅटचा जो संच आहे, तो उलटा फिरवून पाणी परत वर चढवता यावं असा बसवलेला आहे, आणि पंप्ड स्टोरेज हा आज जगभर परवलीचा विषय झालाय. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, गावोगाव दिवसा वीज द्यायची म्हणून. मग पंप रात्रीचे दुपारी चालू लागले तर फीडरच्या व्होल्टेजचं काय होतं? हा प्रश्न त्या मुलाला त्याच्या बापाशी बोलूनही मांडता येतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत मेंटेनन्सला महिनाभर उभी राहिलेली मुलं तेही एका ओळीत उरकतात, 'साधी ट्रेनिंग होती' म्हणून.

माझ्या घरातलं सांगते. माझी लेक इथे वाढली. तिने कॉलेजच्या अर्जात आमच्या तळघरात पाणी शिरल्यावर पंप कसा बंद पडला त्यावर निबंध लिहिला. लाज वगैरे काही नाही. माझा भाचा संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात वाढला. त्याने स्वतःच्या हाताने इन्व्हर्टर दुरुस्त केले, दुकानात बसून पैसे मिळवले, आणि अर्जात लिहिलं 'छंद: वाचन'. नवरा म्हणतो, आपल्याकडे वायरमनचं काम आलं की इंजिनिअरला कमीपणा वाटतो, त्यात नवल काय. खरंय. पण तो कमीपणा आपण इकडे येतानाही बॅगेत भरून आणतो आणि मग पुढच्या मुलांच्याही बॅगेत भरतो. गणपतीत भेटल्यावर आपण एकमेकांच्या मुलांना काय विचारतो? कुठे लागला, किती मिळतात. काय करतो हे कधी विचारलंत?

हे प्रवचन झालं, कळतंय मला. इथे प्रत्येकाने आपापल्या परीने आलेल्या मुलांना विमानतळावरून आणलंय, गादी दिलीय, वरण-भात घातलाय. त्या माणसांना मी शिकवू नये. आणि कर्ज डोक्यावर घेऊन येणाऱ्या मुलाने पॅकेज विचारलं तर त्याचं चुकलं काय?

मग कर्जाचंच बोलू. इथे बीई झाल्यावर सरळ पीएचडीला अर्ज करता येतो, आणि इंजिनिअरिंगच्या पीएचडीत बहुधा फी माफ असते, वर महिन्याचे पैसे मिळतात. हे सल्लागार क्वचितच सांगतात, कारण त्यांचा धंदा एमएसवर चालतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा नाममात्र आहे. पण वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात अडकवावे लागतात आणि पदवी तपासल्याचा एपीएसचा दाखला लागतो. गेट देऊन आयआयटीत एमटेक केलं तर महिना १२,४०० रुपये मिळतात आणि शेतही गहाण पडत नाही. ह्या तिन्हींवर लिहायला वेगळा लेख हवा.

शिफारसपत्राचंही राहिलं. सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. तसं असेल तर मुलांनी निदान सरांच्या प्रयोगशाळेत आपण काय केलं ते त्यात लिहावं. 'मेहनती व होतकरू' नको.

पैठणच्या मुलाने एसओपी परत लिहायला घेतलीय. डीपीवर किती मोटारी आहेत ते त्याला माहीत नव्हतं, ते मोजायला तो गावी गेलाय. पीएचडीच्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला सल्लागाराकडे जायच्या आधी माझ्याकडे पाठवा.