शब्दांच्या खेळातला सोबती

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा संगणकावरील खेळ रचण्यास सुरुवात केली. रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढविला. अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या या खेळात चित्रे नव्हती. गुहा, वाटा, शत्रू, मित्र, सारे शब्दांतच! असे खेळ आजही खेळले जातात.

बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. कोणी गुण मिळवितो, कोणी नवे शोधतो, कोणी गप्पांत रमतो, तर कोणी इतरांना छळतो. मग भूमिका वठविणारा चांगला सोबती ओळखावा कसा?

माझ्या मते खरी कसोटी एकच: तो तुमच्यासाठी जागा ठेवतो काय? ‘मी तलवार उगारली,’ असे लिहून जो थांबतो, तो सोबती. ‘...आणि तू घाबरून पळालास,’ असे जो पुढे लिहितो, त्याने तुमची भूमिकाही बळकावली. घाबरायचे की नाही, हे तुम्हीच ठरवायचे!

म्हणून आधी इतरांचा खेळ नुसता वाचा; मग एखादा छोटा प्रसंग खेळून पाहा. कोणी खरे नाव, शाळा, पत्ता विचारू लागल्यास खेळ तेथेच थांबवा व घरी सांगा. आणि हीच कसोटी स्वतःलाही लावा. चांगला सोबती मिळण्याचा तोच जवळचा मार्ग होय.