जुनी फियाट सजवावी की जपावी?

टीव्हीवरच्या मेकओव्हर शोमध्ये गंजलेली गाडी एका भागात झळाळते. ‘पिंप माय राइड’ने तर गाड्यांचे रूपच पालटले. आणे पठारावर एखाद्या घरामागे आजोबांची फियाट गंजत असेल, तर हा कित्ता महागात पडेल.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केला, तर हा दर्जा मिळत नाही. व्हिंटेज गाडी रोज फिरवताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते.

म्हणून गंज पुट्टीखाली दडपण्यापेक्षा घासून काढावा, मूळ आकार राखावा. रंग पुन्हा देता येतो. गेलेले मूळपण परत येत नाही.