‘प्रोटीन कमी’ हे निदान नव्हे

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी औषधी दुकानाच्या फळीवर प्रोटीन पावडरचा डबा हमखास दिसतो. रक्ततपासणीच्या कागदावर प्रथिनांचा आकडा थोडा कमी आला की तो डबा रुग्णाच्या हाती पडतो. कधी वैद्य तो लिहून देतात, कधी दुकानदारच सुचवितात. या प्रघाताविषयी व्यवसायबंधूंशी स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण या चुकीचे धनी आम्हीही झालो आहोत.

काही वर्षांपूर्वी पायांवर आणि डोळ्यांखाली सूज असलेले एक शेतकरी आमच्याकडे आले. शोथ समजून आम्ही पुनर्नवादी क्वाथ व आरोग्यवर्धिनी सुरू केली. रक्तातील प्रथिने कमी होती म्हणून जोडीला पावडरही दिली. महिन्याने ते अधिकच सुजून परत आले, तेव्हा कोठे आम्ही मूत्र तपासले. परीक्षानलिकेत तापविताच ते पांढरे गढूळ झाले आणि ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकूनही निवळले नाही. रक्तातील अल्ब्युमिन 1.8 ग्रॅमवर आले होते. वृक्कांवाटे जे वाहून जात होते, ते आम्ही डब्याने भरू पाहत होतो. रुग्णास वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठविले; परंतु त्यांचा एक महिना आमच्यामुळे वाया गेला, ही बोच आजही आहे.

रक्ताचा सुमारे 55 टक्के भाग रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा असतो. त्याच्या दर 100 मिलिलिटरमध्ये साधारण 6 ते 8 ग्रॅम प्रथिने असतात. परंतु ही एकच वस्तू नव्हे. निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनचा, सुमारे 3.5 ते 5 ग्रॅम. ते यकृतात तयार होते, रक्तातील जलांश रक्तवाहिन्यांत धरून ठेवते आणि पित्तरंजक बिलिरुबिन व अनेक औषधे वाहून नेते. दुसरा गट ग्लोब्युलिनचा. त्यातील अल्फा व बीटा प्रकार लोह, तांबे, स्निग्ध पदार्थ इत्यादींचे वहन करतात, तर गॅमा प्रकार म्हणजे रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये. तिसरे फायब्रिनोजन, सुमारे 200 ते 400 मिलिग्रॅम. रक्त गोठते ते त्याच्या तंतूंमुळे.

म्हणून केवळ एकूण आकडा पाहणे फसवे ठरते. यकृताच्या जीर्ण विकारात अल्ब्युमिन घटते आणि ग्लोब्युलिन वाढते; बेरीज मात्र प्राकृत दिसू शकते. अल्ब्युमिन कमी असेल तर प्रश्न एकच विचारावा: ते तयार होत नाही, की तयार होऊन गळते आहे? यकृत बिघडले असेल, वृक्क किंवा आतडे गळत असेल, दीर्घ संसर्ग असेल, अथवा खरोखर आहारच अपुरा असेल. यांपैकी केवळ शेवटच्या कारणात आहार हा मुख्य उपाय आहे, आणि तेथेही तूर, हरभरा, दूध, अंडी ही डब्यापेक्षा स्वस्त आहेत. वृक्क निकामी होऊ लागलेल्या रुग्णास तर प्रथिनांचा जादा भार अपायकारक ठरू शकतो.

आणखी एक कटू गोष्ट. पारदयुक्त औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत वृक्कांतून अल्ब्युमिन गळण्याचा विकार आढळल्याचा अभ्यास 2022 मध्ये आपल्याच देशातून प्रसिद्ध झाला. औषध थांबविल्यावर त्यांतील बऱ्याच जणांना उतार पडला. आरोग्यवर्धिनीत कज्जली आहे, हे आपणांस सांगावयास नको. हा शास्त्रावरील आरोप समजून संतापण्यापेक्षा, रसौषधी देण्यापूर्वी व देत असताना मूत्र तपासणे हे आपलेच कर्तव्य मानावे, असे आमचे मत आहे.

फायब्रिनोजनचे मोल आपल्या भागात पावसाळ्यात कळते. कापूस-सोयाबीनच्या रानात घोणस चावते, आणि खेड्यात रुग्ण पहिल्यांदा आणला जातो तो बहुधा आपल्याच दारी. घोणसाचे विष फायब्रिनोजन संपवून टाकते. शिरेतील दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवावे. न गोठल्यास विष भिनल्याचे समजावे. मात्र रक्त गोठले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण नाग व मण्यार यांच्या दंशात ते गोठतेच. या परीक्षेसाठी रुग्णाला थांबवूनही ठेवू नये. वाहन येईपर्यंत वेळ असेल तरच ती करावी. त्याचा उपाय क्वाथात नाही, प्रतिसर्पविषात आहे. तेही घोड्याच्या रक्तद्रवातील ग्लोब्युलिनच होय. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ते पिढ्यान्‌पिढ्या तयार केले. एक प्रथिन विषाने नष्ट होते आणि दुसरे प्रथिन प्राण वाचविते, हे ज्ञान असणारा वैद्य रुग्णास जिल्हा रुग्णालयात धाडण्यास क्षणाचाही विलंब लावणार नाही.

रसधातू म्हणजेच प्लाझ्मा, असे सरसकट समीकरण मांडणे आम्हांस मान्य नाही. तथापि यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मुळे आहेत, असे चरकसंहितेत शिकलेल्या वैद्यास अल्ब्युमिन यकृतात निर्माण होते हे परके वाटू नये. त्याच संहितेत शोथाचा विचार स्वतंत्र अध्यायांत हेतू व भेद पाहून केला आहे. सूज दिसताच पुनर्नवा, ही पद्धत ग्रंथाची नव्हे, आपल्या घाईची आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती की, शोथाच्या प्रत्येक रुग्णाचे मूत्र पहिल्याच दिवशी तपासावे आणि अहवालात अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन वेगवेगळे मागवावे. औषधी दुकानदार बंधूंना विनंती की, सुजलेल्या माणसाने प्रोटीनचा डबा मागितला तर तो देण्यापूर्वी “लघवी तपासली का?” एवढे विचारावे. एका डब्याची विक्री जाईल. पण आमच्या हातून त्या शेतकऱ्याचा जसा महिना गेला, तसा दुसऱ्या कोणाचा जाणार नाही.