पिले मोजावीत कधी?

‘डुक्कर’ हा शब्द आपण शिवीसाठीच राखून ठेवला आहे. म्हणून वार्षिकासाठी डुकरिणीवर लिहितो आहे असे सांगताच वर्गात हशा पिकला. परंतु लोट्याच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहणाऱ्या माझ्या एका मित्राचे घर या जनावरावरच चालते. खानावळींचे खरकटे गोळा करायचे, ते शिजवून घालायचे आणि पिले विकायची. त्याच्या शिक्षणाचा खर्चही त्यातूनच भागतो.

त्याच्या वडिलांनी देशी काळ्या मादीच्या जोडीला पांढरी यॉर्कशायर मादी आणली. पहिल्याच माजाला ती भरली आणि 114 दिवसांनी व्याली. पिले झाली 9! घरात आनंदीआनंद. काळीला त्याच सुमारास 7 झाली होती. दोन महिन्यांनी दूध तोडले तेव्हा काळीची सातही होती. पांढरीची उरली 5. वडील म्हणाले, “ही खोटी निघाली, विकून टाकू.”

मला हा निवाडा मान्य नाही. पांढरीची पाच पिले वजनाने काळीच्या पिलांहून भारी होती. हा जातीचा गुण. यॉर्कशायर मादी देशीपेक्षा जास्त पिले देते आणि ती वाढतातही झपाट्याने; मात्र तिला खुराकही तसाच लागतो. दुसरी गोष्ट वयाची. पहिलारू मादी स्वतःच वाढत असते. तिला पिले कमी होतात, दूधही कमी येते. तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत ती भरात असते. पुढे मेलेली पिले वाढतात, जड झालेल्या आईखाली काही चिरडतात. मित्राची आई सांगते, काळीलाही पहिल्या वेताला चारच झाली होती. मग तिच्या चौथ्या वेताशी पांढरीच्या पहिल्याची तुलना कसली?

याच महामार्गाने खाली गेले की गोवा लागतो. तिथे काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावाने ‘आगोंदा गोवन’ ही काळी देशी जात राष्ट्रीय नोंदीत दाखल झाली आहे. देशी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे त्या नोंदीने मान्य झाले. तेव्हा काळी की पांढरी हा वाद घालण्यापूर्वी जात, वेत, जन्मलेली पिले, दूध तोडताना उरलेली पिले आणि त्यांचे वजन एवढे पाच रकाने वहीत मांडावेत.

आपणही प्रथम वर्षाला किती दाखल झाले ते अभिमानाने सांगतो. तृतीय वर्षापर्यंत किती पोहोचले ते विचारत नाही. मोजणीचा दिवस चुकला की निवाडाही चुकतो.

मित्राने वही घातली आहे. वडिलांनी पांढरीला आणखी दोन वेतांची मुदत दिली आहे. माझ्या मते, तेवढा तिचा हक्कच आहे.