शेतांतील माती आणि खाडीचें शेत

पावसाच्या लोंढ्यानें बांध फुटून माती वाहून गेली म्हणजे आपण हळहळतों. पण ती आपल्या नुकसानीपुरतीच. माती ओढ्याला लागली व ओढा नदीस मिळाला कीं तिची गोष्ट आपल्यापुरती संपते. आमच्या मतें अर्धी गोष्ट तेथून पुढेंच आहे, आणि ती जमीनधारक शेतकऱ्यानें ऐकून घेतली पाहिजे.

नदीच्या मुखाशीं ओहोटीस वाळूचीं जीं मैदानें उघडीं पडतात, तींहि एक प्रकारचीं शेतेंच होत. त्यांवर सूक्ष्म शेवाळ वाढतें, तें तेथील गवत. शिंपल्यांतील प्राणी, किडे व खेकडे वाळू अहोरात्र खालींवर करितात, ती तेथील मशागत. आपल्या शेतांत गांडुळें जें काम करितात तेंच हे जीव तेथें करितात. अशा ठिकाणीं डोंगरावरची चिकण माती आली म्हणजे काय होतें? गोड्या पाण्यांत तरंगणारे तिचे बारीक कण खाऱ्या पाण्याशीं संयोग होतांच एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. त्या थरांतून हवा खालीं उतरत नाहीं. खालची वाळू काळी पडते, तिला कुजक्या अंड्यासारखी घाण येऊं लागते, आणि आंतील जीव गुदमरतात.

हा नुसता तर्क नव्हे. न्यूझीलंडांत ऑकलंड शहराच्या उत्तरेस ओकुरा नांवाची खाडी आहे. तेथें व त्या देशाच्या इतर खाड्यांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून शास्त्रज्ञांनीं, आपण प्रयोगाचे वाफे आंखतों तसे तुकडे आंखून, त्यांवर मुद्दाम चिकण माती पसरून पाहिली. सुमारें 2 सेंटिमीटरांहून जाड थर 5 दिवसांहून अधिक टिकला, तर चालून-पोहून निसटणारे खेकडे व कोळंब्या वगळतां तेथील सर्व प्राणी मेले. 2 सेंटिमीटर म्हणजे बोटाचें एक पेरहि नव्हे! 5 मिलिमीटरांच्या थरानेंहि वस्ती घटली, आणि 3 मिलिमीटरांचा थरसुद्धां निरुपद्रवी ठरला नाहीं.

मग तें शेत पुन्हां उभें राहतें कसें? जेथें वारा व लाटा पोंचतात तेथें थर फुटून वाहून जातो. खाडीच्या आंतल्या, निवाऱ्याच्या भागांत तो बसून राहतो. खेकडे मात्र थोर मदतनीस. ते थराला बिळें पाडतात, त्यांतून हवा व पाणी खालीं पोंचतें, आणि चिकण माती हळूहळू वाळूंत मिसळते. शेजारचीं मैदानें जिवंत असतील तर प्रवाहाबरोबर पिलें येऊन वसतात. म्हणून लहान डाग लवकर भरतो, सबंध खाडी माखली तर बीं आणावें कोठून? प्रथम येतात ते बारीक, अल्पायुषी किडे. मोठ्या शिंपल्यांस वाढावयास वर्षें लागतात. प्रयोगाचे तुकडे तर अंगणाएवढेहि नव्हते, तरी कांहीं ठिकाणीं वर्ष लोटूनहि पूर्वीची वस्ती परतली नव्हती.

कोणी म्हणेल, पुराचा गाळ म्हणजे सोनें. पातळ मळई सोनें खरीच. पण फेब्रुवारी 1923 नव्हे, अगदीं अलीकडच्या फेब्रुवारी 2023 मधील गॅब्रिएल वादळानंतर त्याच न्यूझीलंडांतील हॉक्स बे प्रांताच्या बागाईतदारांस विचारावें. सफरचंदाच्या झाडांचीं मुळें गुदमरूं नयेत म्हणून त्यांस बुंध्यांभोंवतींचा गाळ उपसावा लागला. जमिनीवरच्या झाडाची ही गत, तर तळाच्या शिंपल्याची काय कथा?

आमच्या कोंकणांतील खाड्यांत जाती निराळ्या, पाऊसहि निराळा. तेथील आंकडे येथें जसेच्या तसे लावूं नयेत. पण चिकण मातीखालीं श्वास कोंडणें सर्वत्र सारखेंच, आणि ओहोटीला तिसऱ्या व कालवें काढून संसारास हातभार लावणाऱ्या बायका येथेंहि आहेत. आंबा-काजूच्या लागवडीसाठीं यंत्रानें डोंगर सोलून तो पावसाच्या तोंडावर उघडा टाकणें, हा प्रकार आम्हांस अक्षम्य वाटतो. खाडीला एक मोठा पूर सोसतो. दरवर्षीं पडणारा थर सोसत नाहीं, कारण दोन थरांमध्यें सांवरण्यास लागणारा अवधिच तिला मिळत नाहीं.

खर्च वरच्यानें करावा आणि लाभ खालच्यास व्हावा, ही शेतकऱ्याची तक्रार आम्हांस रास्त वाटते. जुलै 2021 च्या चिपळुणांतील महापुरानंतर वाशिष्ठीचा गाळ सरकारी पैशानें उपसावा लागला. त्याच तिजोरींतून बांध, गवताचे पट्टे व वाळ्याच्या ओळी यांस साहाय्य मागण्यास संकोच नको. तोंवर निदान इतकें तरी आपल्या हातीं आहे कीं, नवी खोदाई पावसाळा सरल्यावर करावी, आणि ओढ्याच्या कांठची झुडुपें तोडूं नयेत.