बालमधुमेह : रोजचा ताळमेळ

मधुमेह म्हटला की पेढीवरील बैठे काम, पंगतीतील मिष्टान्न आणि पन्नाशी ओलांडलेले वय हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाला हा आजार जडला, की नांदेड असो वा लातूर, घरातील मंडळी प्रथम आईला बोल लावतात : ‘गोड फार खाऊ घातले.’ हा आरोप निराधार आहे. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘टाइप वन’ मधुमेहात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्याचा मिठाईशी संबंध नसतो.

वारंवार लघवी, न शमणारी तहान, खाऊनही घटणारे वजन आणि सवय सुटल्यावर पुन्हा अंथरूण ओले होणे, ही त्याची लक्षणे होत. उलट्या, पोटदुखी व खोल, जलद श्वास सुरू झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

१९२१ मध्ये टोरंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. पुढे अनेक दशके इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. अहिंसाव्रती कुटुंबांना ते खटके. १९८२ पासून मात्र जनुकतंत्राने, जिवाणू अथवा यीस्टच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे. ती शंका आता उरलेली नाही.

उपचार म्हणजे रोजमेळ लिहिण्यासारखी शिस्त होय. दिवसातून अनेकदा साखर तपासायची. आहार, खेळ आणि इन्सुलिनची मात्रा यांचा मेळ घालायचा आणि सारे वहीत नोंदवायचे. आरंभीचे काही महिने मात्रा कमी लागते आणि आजार गेला असा भ्रम होतो. त्या भरात कारल्याच्या रसावर विसंबून इन्सुलिन थांबविले, तर अवघ्या काही दिवसांत जीव धोक्यात येतो.

साखर ७० च्या खाली उतरली, हात थरथरू लागले, घाम फुटला, तर साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

येथेच चौविहाराचा प्रश्न उभा राहतो. साखर मध्यरात्रीही उतरते, आणि तेव्हाची ती चमचाभर साखर हे औषध असते. त्यामुळे पर्युषण वा दशलक्षण पर्वात अशा मुलाने उपवासाचा आग्रह धरला, तर पच्चक्खाणापूर्वीच डॉक्टर आणि महाराजसाहेब यांच्याशी बोलावे. सामायिक व स्वाध्याय हीही आराधनाच आहे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात इन्सुलिनही सांभाळावे लागते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, मात्र बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावी. वीज गेल्यास ओल्या मातीच्या माठाचा आधार घेता येतो. मूल शिकवणीसाठी लातूरच्या वसतिगृहात राहणार असेल, तर अधीक्षक आणि खोलीतील सोबती यांना आजाराची पूर्ण कल्पना द्यावी. सीबीएसईने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली; आजार लपविणाऱ्याला अशी सवलत मिळणार कशी?

लपविण्याची ही वृत्ती मुलींच्या बाबतीत अधिक दिसते, कारण पुढच्या सोयरिकीची चिंता. वस्तुतः नियमित उपचार घेणारी मुलगी शिकते, व्यवसाय सांभाळते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मातृत्वही निभावते. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशाच मुलांसाठी कार्यरत आहे. तेथे किंवा आपल्या गावातील बालरोगतज्ज्ञांकडे मोकळेपणाने जावे. मुलाला इंजेक्शनची सुई काही दिवसांत सवयीची होते. घरच्यांनी बाळगलेली लाज मात्र त्याला जन्मभर टोचत राहते.